धीर की दुर्लक्ष?

आपल्या नांदेड-लातूरकडच्या काही जुन्या घरांत व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा अॅम्प्लिफायर अजून माळ्यावर जपून ठेवलेला आढळतो. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली, तेव्हा मराठवाड्यात ज्यांनी ती बातमी स्वतःच्या कानांनी ऐकली, ती अशाच संचावर. ट्रान्झिस्टरचा शोध जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी लागला होता. ट्रान्झिस्टरचे रेडिओ अजून बाजारात यायचे होते.

व्हॉल्व्हचा संच चालू केला की तो आधी गप्प असतो. काचेच्या आतली तार लाल होऊन कॅथोड तापायला दहा ते तीस सेकंद लागतात. मग थोडी गुणगुण, एखादी कडकड आणि त्यानंतर स्वच्छ आवाज. जुना संच हाताळणाऱ्या प्रत्येकाला इथे एक प्रश्न पडतो. ही सुरुवातीची खरखर चालवून घ्यायची, की संच उघडून पाहायचा?

जाणता मेकॅनिक लगेच स्क्रू काढत नाही. तो आधी ऐकतो. आवाजाचे बटण शून्यावर आणतो. गुणगुण थांबली, तर दोष पुढच्या भागात, म्हणजे इनपुटच्या बाजूला असतो. तशीच राहिली, तर पॉवर सप्लाय किंवा शेवटचे व्हॉल्व्ह तपासावे लागतात. कडकड होत असेल, तर व्हॉल्व्हच्या पिना आणि सॉकेट धुळीने, गंजाने खराब झाले आहेत का, हे तो पाहतो.

काही गुणगुण अगदी निर्दोष असते. मोठ्या अॅम्प्लिफायरमध्ये शेवटचे दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करतात आणि एकमेकांची गुणगुण खोडून काढतात. पण दोन्ही एकाच क्षणी तापत नाहीत. एक पुढे, एक मागे. तेवढा वेळ गुणगुण ऐकू येते आणि जोडी जमली की थांबते. इथे उपाय एकच, थोडे थांबणे.

पण दुसरीही गुणगुण असते. पॉवर सप्लायमधले कंडेन्सर वर्षानुवर्षांत आतून वाळतात. तेही थंड असताना जास्त त्रास देतात आणि तापल्यावर बरे वागतात. म्हणजे आवाज तसाच आणि थांबणेही तसेच. आत मात्र बिघाड वाढत चाललेला. एके दिवशी कंडेन्सर फुटतो आणि कधी कधी ट्रान्सफॉर्मरही जळतो.

मग दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? एक साधी खूण आहे. काल दहा सेकंदांत थांबणारी गुणगुण आज वीस सेकंद चालते का, महिन्याने मिनिटभर राहते का, याकडे लक्ष ठेवायचे. एका दिवसाचा आवाज फारसे काही सांगत नाही. रोज ऐकणाऱ्यालाच फरक कळतो.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न यंत्रापुरता राहत नाही. बारावीसाठी, ‘नीट’च्या तयारीसाठी आपल्या दोन्ही शहरांत खेड्यापाड्यांतून हजारो मुले येतात. खोली नवी, मेसचे जेवण नवे, वर्गातले चेहरे नवे. पहिले काही आठवडे रात्री घरी फोन येतो, “आई, इथं करमत नाही गं.” आईवडील म्हणतात, “रुळशील हळूहळू.” पुष्कळ मुले खरोखर रुळतात. पहिल्याच हुंदक्याला बॅग भरून मुलाला परत आणणे म्हणजे तापण्याआधीच संच बंद करण्यासारखे आहे. व्हॉल्व्ह उगाच पुन्हा पुन्हा उपसले, तर चांगले सॉकेटही ढिले होतात.

पण “रुळेल” हा शब्द दोन प्रकारे उच्चारला जातो. एक आई तो म्हणते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते: जेवलास का, झोप लागली का, कोणाशी बोललास? दुसऱ्या घरी तोच शब्द उच्चारला की विषय मिटतो. बाहेरून दोन्ही घरे थांबलेलीच दिसतात. पहिल्या घरी धीर आहे आणि दुसऱ्या घरी दुर्लक्ष. धीर धरणारा ऐकत असतो. दुर्लक्ष करणाऱ्याने कान काढून घेतलेला असतो आणि त्यालाच तो धीर म्हणतो.

आणखी एक गोष्ट. संच एकदम मुका झाला, तर कोणी “बरे झाले, गुणगुण गेली,” असे म्हणत नाही. फ्यूज उडाला असेल, असेच आपण समजतो. मग मुलाच्या तक्रारी अचानक बंद झाल्या, की आपण निश्चिंत का होतो? तो रमला असेल, हे शक्य आहे. सांगून उपयोग नाही, असे त्याला वाटू लागले असेल, हेही शक्य आहे. विचारल्याशिवाय यातले कोणते खरे, ते कळत नाही. म्हातारी माणसे, नवी सून, शेजारी एकटा राहणारा गृहस्थ यांच्याबाबतही हेच खरे.

वर्षानुवर्षे बंद असलेला संच एकदम पूर्ण विजेवर लावू नये. सिरीजमध्ये बल्ब जोडून जाणकार त्याला बेताने जागे करतात. आणि प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये कधी कधी तीनशेहून अधिक व्होल्ट शिल्लक राहतात, म्हणून अनोळखी हाताने आत बोट घालू नये. माणसांच्या बाबतीतही प्रत्येक दुखणे आपल्याच हाताने उघडायचे नसते. काही वेळा जाणत्या शिक्षकाला, डॉक्टरला, समुपदेशकाला बोलावण्यातच शहाणपण असते. मात्र बोलवायचे केव्हा, हे ज्याचा कान जागा आहे त्यालाच समजते.

आज संध्याकाळी घरापासून दूर असलेल्या आपल्या माणसाला फोन करू या. मार्कांची चौकशी उद्या केली तरी चालेल. आज फक्त ऐकू या.