घर की धर?

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर उभं असताना आईनं एका नव्या इमारतीच्या जाहिरातीवरची ओळ मोठ्यानं वाचली, "नव्या युगाचं धर." मग मला विचारलं, "काय धरायचं रे?" मी हसलो. ओळ ‘नव्या युगाचं घर’ अशी होती. पण पुन्हा नीट पाहिल्यावर चूक तिची वाटेना.

अक्षरं जाड, चौकोनी, कोपरे छाटलेली, वर शिरोरेषा नाही. उद्याचं जग असं दाखवायचं, हा संकेत जुना आहे. इटलीच्या आल्दो नोवारेजे यांचा ‘युरोस्टाइल’ हा टाइप १९६२ चा. त्याची वळणं जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखी आहेत, आणि विज्ञानपटांनी तो भरपूर वापरला. रोमन लिपीला हे पेलतं. देवनागरीत मात्र घ आणि ध, म आणि भ यांतला फरक शिरोरेषा अखंड आहे की तुटलेली आणि डावीकडे वर छोटंसं वळण आहे का, यावर बराचसा उभा असतो. रेघ काढली, वळण चौकोनात दाबलं, की ‘भविष्य’चं ‘मविष्य’ होतं.

शिरोरेषा पवित्र आहे असं नाही. गुजरातीनं ती सोडलीच. पण ती व्यापाऱ्यांच्या वह्यांतून, लिहित्या हातांनी हळूहळू सुटली. वाचणाऱ्याचा डोळाही तिच्यासोबत बदलत गेला. जाडीचाही दोष नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ हा फॉन्ट इतका गुबगुबीत आहे, की अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागांच्या नुसत्या चिरा उरतात. तरी तो वाचता येतो, कारण कुठली चीर राखायची याचा विचार कुणीतरी केला आहे.

दुकानांच्या पाट्यांवरची मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशी दुरुस्ती राज्यानं २०२२ मध्ये कायद्यात केली. ती हवीच होती. पण पट्टीनं उंची मोजता येते, आस्था मोजता येत नाही. आम्ही पाहिलेल्या जाहिरातीतही मराठी ओळ इंग्रजीएवढीच मोठी होती. फक्त इंग्रजी अक्षरं घडवलेली होती, आणि मराठी अक्षरं त्यांच्या साच्यात कोंबलेली.

एक मित्र म्हणाला, "ती घरं घेणारे मराठी ओळ वाचतच नाहीत. कशाला एवढं मनावर घेतोस?" मग ती लिहिली कुणासाठी? नियमाचा माणूस आला तर त्याला दाखवायला?

ठळक अक्षर ही रस्त्यानं जाणाऱ्याला मारलेली हाक असते. ज्याला हाक मारली त्याला कळेल असं बोलणं, एवढं तर हाक मारणाऱ्यानं पाळायला हवं. पनवेलमध्ये सध्या उद्याच्या गोष्टी फार होतात: विमानतळ, टॉवर, नवे रस्ते. त्या उद्यात आई असेल की नाही, हे जाहिरातीतला मजकूर सांगत नव्हता. अक्षरांनी मात्र सांगून टाकलं होतं.