दुसऱ्याचा स्वेटर

दुसऱ्यासाठी विणायचे तर लोकर कोणाच्या पसंतीची घ्यावी? प्रश्न घरगुती दिसतो, पण त्यात न्यायाचा अंश आहे. दुकानातला सदरा आवडला नाही, तर तसे बोलून दाखवता येते. हाताने विणलेल्या स्वेटरला नाक मुरडणे म्हणजे महिनाभराच्या मायेला नाक मुरडणे! घेणारा बिचारा मुकाट्याने तो अंगात घालतो. प्रेमाच्या नावाखाली चाललेला हा एक सौम्य जुलूमच नव्हे काय?

गोदाकाठच्या शहागडसारख्या गावी तर हे फारच जाणवावे. तिथली थंडी खरी डिसेंबर-जानेवारीची, तीही रात्री-पहाटेची. ऊन चढले की स्वेटर काखोटीला. तिथे थंड मुलुखासाठी बेतलेला, वेणीसारखे पीळ घातलेला जाड नमुना उचलायचा तो कोणासाठी? पिळांना लोकर जास्त लागते, वीण जड होते. शोभा विणणारीच्या हाताची, घाम मात्र पोराचा. तिथे बारीक लोकर आणि साधी सुलट-उलट वीणच बरी. लोकर आधी मानेला लावून पाहावी, टोचते की काय ते कळते. (घोंगडीची गोष्ट निराळी. मेंढरांमागे पावसात हिंडणाऱ्याला दख्खनी लोकरीचा तो राठपणाच हवा असतो.) १९५०च्या सुमारास बाजारात आलेल्या अॅक्रिलिकच्या धाग्याला आपण खोटी लोकर म्हणून हिणवतो, पण तो धुवायला सोपा, आणि धुणारीही माणूसच असते.

मापाचेही तेच. नमुन्यात दहा सेंटीमीटरला २० टाके सांगितले आणि आपल्या हाताचे २२ बसले, तर २०० टाक्यांचा घेर शंभराऐवजी ९१ सेंटीमीटरच भरतो. म्हणून आधी छोटा तुकडा विणून मोजावा. कंटाळा येतो खरा. पण तो आपण टाळला की दुसऱ्याच्या छातीला काचतो.

तरी सुयांवरच्या विणकामाला एक मोठी सवलत आहे. शहागडच्या वरच्या अंगाला, याच गोदावरीवर पैठण आहे. पैठणीच्या पदरावर मोर एकदा विणला की तो कायमचा. आजीची निवड नातीने तशीच नेसायची. स्वेटरची शिवण सोडवून धाग्याचे टोक सापडले, की तो सरसर उसवतो. लडी करून, धुऊन, वाळवून तीच लोकर पुढच्या थंडीत, वाढलेल्या पोरासाठी पुन्हा सुईवर चढते. म्हणून माझे मत असे, की पैसा लोकरीवर खर्चावा, नमुन्याचा फार अभिमान धरू नये. केसाळ लोकर तर घेऊच नये. ती उसवताना गुंतते. आणि रंग ज्याच्या अंगात जायचा त्याला विचारावा. त्याने मातकट सांगितला, तर आपला लाडका गुलाबी गुंडा दुकानातच ठेवून यावे.