अनित्य आणि दुसरा लॅपटॉप

भीमजयंती ते बुद्धपौर्णिमा या दिवसांत नालासोपारा-विरार पट्ट्यातल्या गीतांच्या कार्यक्रमांना मी लॅपटॉप सांभाळतो. बासरी, व्हायोलिनं, भरणीचा सगळा आवाज त्यातून निघतो. शेजारी दुसरा लॅपटॉप असतो. एकाच फूटस्विचने दोन्ही सुरू होतात, दुसऱ्याचा चॅनल मात्र मिक्सरवर खाली ओढलेला. शिवाय फोनमध्ये प्रत्येक गाण्याचा साधा ट्रॅक. विहारातल्या एका वडीलधाऱ्या उपासकांनी मला विचारलं, "बाळा, सगळं अनित्य म्हणतोस, मग एवढं धरून का बसतोस?"

प्रश्न रास्तच आहे. एप्रिलच्या उकाड्यात, हॅलोजनखाली तापून लॅपटॉप गोठतो, तेव्हा आवाज बंद पडत नाही. शेवटचा बारीकसा तुकडाच टर्रर्र करत वाजत राहतो आणि गायिका अंतऱ्याच्या मध्यावर असते. हात आधी पहिला चॅनल पाडायला जायला हवा, दुसरा उचलायला त्यानंतर. एवढं होईतो ढोलकी थांबली नाही, तर समोरच्यांना कळतही नाही.

ही आसक्ती आहे असं मला वाटत नाही. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी अखेरच्या उपदेशात दोन गोष्टी एका दमात सांगितल्या: जे जे घडलेलं ते लयाला जाणारं, आणि सावध राहून आपलं काम पुरं करा. यंत्र बंद पडणारच हे ज्याने मनापासून मानलं, तोच जादा केबल पिशवीत टाकतो. यंत्राला खरा चिकटलेला असतो तो निर्धास्त माणूस.

आमच्या सोपाऱ्याचाच स्तूप घ्या. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे होते. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेले. अनित्यता शिकलेल्या माणसांनी फुटलेलं भांडं इतक्या मायेने जपलं, याचं मला फार अप्रूप आहे. पण धम्म काही त्या करंडकांनी टिकवला नाही. परंपरा सांगते, की राजगृहाच्या पहिल्या संगीतीत उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी सुत्तं, आणि पुढे लंकेत ग्रंथ लिहिले जाईपर्यंत शतकानुशतकं भिक्खूंनी ते मुखोद्गत ठेवलं. एक गळा थकला तरी दुसरा होता.

म्हणून माझी भिस्त दुसऱ्या लॅपटॉपवरही नाही. ती ढोलकीवाल्यावर आणि कोरसवर आहे. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव पोचली तेव्हा कुठे होते ट्रॅक? तालमीत गाणं रंगात आलं, की मी न सांगता आवाज पाडतो. नवी मुलं कुरकुरतात, पण ठेका न सोडता, पट्टी न मागता कोरसने धृपद उचलल्याशिवाय ते गाणं मी यादीत घेत नाही. त्या उपासकांनाही मी तालमीलाच बोलावलं आहे.