केवडा आणि ठिपके

भेंडीवर केवडा आला की आम्ही झाड उपटून जाळतो. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खं पान, शेवटी भेंडीच पिवळट आणि राठ निघते. बाजारात तिला कुणी हात लावत नाही. पवनीजवळ वैनगंगेच्या काठी आमची भाजीची वाडी, त्यामुळे हा पिवळा रंग मला लांबूनही कळतो. तरी तोच रंग मी पैसे मोजून नर्सरीतून घरी आणला.

झाडाचं नाव अबुटिलॉन, नर्सरीच्या भाषेत फ्लॉवरिंग मेपल. मेपलशी नातं पानाच्या आकारापुरतं, कूळ भेंडी-कापूस-जास्वंदीचं. आपल्या रस्त्याकडेची पेटारी त्याच्याच घरातली. फुलं नारिंगी, तांबड्या शिरांची, कंदिलासारखी खाली लोंबणारी. पण माझं झाड ‘थॉम्पसोनी’ जातीचं, आणि लोक थबकतात ते त्याच्या पानांपाशी: हिरव्यावर हळदीचे शिंतोडे. 1868 मध्ये वेस्ट इंडीजमधून इंग्लंडात गेलेल्या रोपांत असं एक निघालं आणि त्याच्या फांद्या युरोपभर विकल्या गेल्या. पुढे एर्विन बाऊर या जर्मन शास्त्रज्ञानं कलमं बांधून दाखवलं, की ठिपक्यांच्या फांदीशी जोडलेलं हिरवं झाडही ठिपक्यांचं होतं. म्हणजे रोगच. भेंडीच्या केवड्याचा विषाणू आणि हा, दोघे भाऊबंद.

हे मी घरात सांगितलं तेव्हा माय म्हणाली, “मंग रोग्या झाडाचं फूल देवाले चालते का?” बेलाचं पान किडकं, फाटकं निघालं तर ती बाजूला टाकते. तिचा प्रश्न रास्तच होता.

खोट वस्तूत असते की पाहणाऱ्याच्या नजरेत, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. सांख्यांचं मत मांडताना वाचस्पती मिश्र उदाहरण देतो: एकच सुंदर स्त्री नवऱ्याला सुख देते, सवतींना दुःख आणि परक्या पुरुषाला मोह. त्याचं म्हणणं, हे तिन्ही त्या वस्तूतच आहेत, कारण ती त्रिगुणांची. बौद्धांमधले विज्ञानवादी उलट टोक धरतात: एकाच देहात संन्याशाला प्रेत दिसतं, कामुकाला प्रिया आणि कुत्र्याला खाद्य; तेव्हा जे दिसतं ते पाहणाऱ्याच्या चित्तातलं. आमच्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात स्तूप निघाला, म्हणून म्हणा, माझा कल बौद्धांकडे. पण खरं सांगायचं तर दोन्ही मतांत पाहणाऱ्यांचीच पंचाईत चालली आहे. जिच्याकडे पाहिलं जातं तिला काय होतं, हे कुणी विचारत नाही.

झाडाला काय होतं ते सोपं आहे. पिवळ्या भागात हरितद्रव्य कमी, म्हणून अन्न कमी. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 पर्यंत जातो तेव्हा मी कुंडी दुपारआधी सावलीत ओढतो. शेंडे खुडतो, कारण फुलं नव्या फुटव्यावर येतात. इतकं करूनही अबुटिलॉनच्या हिरव्या भावंडाइतकं ते कधी माजत नाही.

विषाणूचंही नवल आहे. मुळात हे विषाणू पांढऱ्या माशीवरून फिरतात. पण वर्षानुवर्षं फांद्यांवरूनच वाढवल्यामुळे बागांमधल्या या विषाणूची माशीवरून जाण्याची ताकद गेली. आता त्याला माळी लागतो. ज्याला बुद्धानं तृष्णा म्हटलं, ती इथे डोळ्यांना दिसते: आवड आहे तोवर रोग आहे.

मायला मी म्हटलं, फूल बिनधास्त वाहा, त्यात खोट नाही. तिनं वाहिलं. कुंडीही मी फेकलेली नाही. आहे ते झाड मरेपर्यंत सांभाळीन. फांदी मागायला येणाऱ्यांना मात्र शेजारच्या कुंडीतल्या हिरव्या अबुटिलॉनची देतो. फुलं तशीच नारिंगी येतात. ज्याला ठिपकेच हवेत, त्यानं माझ्या दारी येऊ नये.