कुलूप उघडले, आता दार उघडू या



आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे आज परदेशात आहेत. सुनेचे बाळंतपण असते, मुलीची नोकरी असते, नातवंडांना सांभाळायला कोणी नसते. मग आईवडील जोडीने विमानात बसतात आणि सहा-सहा महिने तिकडे राहून येतात. परतताना गाडी खालापूरला द्रुतगती मार्ग सोडून शिळफाट्यावर येते, बॅगा उतरतात आणि बंद घराचे कुलूप उघडले जाते. मधल्या काळात पावसाळा गेलेला असेल तर अंगणात गुडघाभर गवत असते, भिंतींना ओल आलेली असते, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीवर बुरशी दिसते.

घर दोन-चार दिवसांत साफ होते. झोपेचे गणितही आठवड्याभरात जुळते. मन मात्र लवकर जागेवर येत नाही. तिकडे असताना इकडची ओढ होती. इकडे आल्यावर नातवंडांचा आवाज कानात घुमत राहतो. आपण नसताना शेजारचे कोणी देवाघरी गेलेले असते, त्याला मूठमाती द्यायलाही आपण नव्हतो. दोघेच जेवायला बसतात आणि एकमेकांना न विचारलेला प्रश्न दोघांच्याही मनात असतो : आपले घर नक्की कोणते?

हा प्रश्न देवाच्या वचनाला नवीन नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आपल्याला एक जोडपे भेटते, अक्विला आणि प्रिस्किल्ला. ते रोममध्ये राहत होते. क्लौद्य कैसराने यहुदी लोकांना रोम सोडण्याचा हुकूम दिला आणि या दोघांना घरदार सोडून करिंथ शहरात यावे लागले. तंबू बनवणे हा त्यांचा धंदा. संत पौलाचाही तोच धंदा. त्यांनी पौलाला आपल्या घरी ठेवून घेतले आणि तिघे एकत्र काम करू लागले. पुढे ते पौलाबरोबर इफिसला गेले. तेथे अपुल्लो नावाच्या विद्वान प्रवचनकाराला त्यांनी घरी नेऊन प्रभूचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला.

क्लौद्य कैसर इ. स. 54 मध्ये मरण पावला. त्यानंतर काही वर्षांनी संत पौलाने रोमकरांस पत्र लिहिले. त्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात तो रोममधील लोकांना सलाम पाठवतो. तिथे प्रिस्किल्ला आणि अक्विला यांची नावे अगदी सुरुवातीलाच आहेत. म्हणजे हे दोघे परतले होते! आणि पौल केवळ त्यांनाच नव्हे, तर त्यांच्या घरी जमणाऱ्या ख्रिस्तसभेलाही सलाम सांगतो. इतकी वर्षे परक्या मुलुखात काढून आलेल्या या जोडप्याने घराचे कुलूप काढले आणि दार सर्वांसाठी उघडे ठेवले. नव्या करारात त्यांचा उल्लेख सहा वेळा येतो आणि दर वेळी दोघांची नावे एकत्रच येतात. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 7 फेब्रुवारी 2007 रोजी आपले बुधवारचे प्रबोधन याच दांपत्यावर केले होते.

ही झाली परतणाऱ्यांची बाजू. मागे राहिलेल्यांचे काय? परदेशाहून आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो, "काय आणलंत?" या प्रश्नाचा विचार करताना आपल्या महाराष्ट्रातील एक जोडपे आठवते. डॉ. आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्ये कोलकात्याहून बोटीने पतीशिवाय अमेरिकेला निघाल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. न्यू जर्सीमधील मिसेस कार्पेंटर या ख्रिस्ती बाईंनी या अनोळखी हिंदू मुलीला आपल्या घरात मुलीसारखे ठेवून घेतले. पती गोपाळराव मागाहून तेथे पोहोचले. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना पदवी मिळाली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी निघण्यापूर्वी जाहीर सांगितले होते आणि तो शब्द त्यांनी पाळला. मिसेस कार्पेंटरच्या मायेत त्यामुळे काही कमी झाले नाही. दार उघडताना समोरच्याचा धर्म विचारायचा नसतो, हे त्या माउलीकडून आपण शिकावे.

1886 च्या नोव्हेंबरमध्ये पती-पत्नी जोडीने मुंबईला परतले. समुद्र ओलांडणाऱ्याला जातीबाहेर टाकण्याचा तो काळ. तरीही आनंदीबाईंचे स्वागत झाले. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांची वाट पाहत होते. पण क्षयाने शरीर पोखरले होते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. जे शिकून आणले ते वापरण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. म्हणून त्यांचे परतणे वाया गेले का? तसे कोणीही म्हणणार नाही. माणूस काय घेऊन आला यापेक्षा तो आपल्यात परत आला, हे मोठे असते. उधळ्या पुत्राच्या बापाने तरी मुलाच्या हातात काय आहे हे कुठे पाहिले होते?

म्हणून बंधुभगिनींनो, जे परतले आहेत त्यांनी आल्यावर दोन-तीन कामे अवश्य करावीत. आपण नसताना ज्यांच्या घरी मृत्यू झाला, त्यांच्याकडे जाऊन यावे, कबरीवर मेणबत्ती लावावी. एखाद्या संध्याकाळी शेजाऱ्यांना रोझरीसाठी आपल्या घरी बोलवावे. तिकडे चर्चमध्ये चांगले काय पाहिले ते सांगावे, पण "आमच्या तिकडे असे नसते" हे पालुपद टाळावे. आणि पतीपत्नींनी मनातली पोकळी एकमेकांपासून लपवू नये. ती दोघांनी मिळून प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवावी.

जे इथेच होते त्यांनी पहिल्या दिवशी जेवणाचा डबा पोहोचवावा. ज्यांच्याकडे किल्ली असेल त्यांनी आधी जाऊन खिडक्या उघडून ठेवाव्यात. आणि "काय आणलंत?" ऐवजी "कसे आहात?" असे विचारावे.

इजिप्तहून नाझरेथला परतलेल्या पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीने प्रभू आपल्या प्रत्येक घराला आशीर्वाद देवो, आणि दूर असलेल्या आपल्या मुलाबाळांना सुखरूप ठेवो. आमेन.