दोन वजनांचा न्याय

आखाडा बाळापूर येथे बाजाराच्या दिवशी कोणी मजूर हातभट्टीची दारू पिऊन पडला, तर आपण त्यास दारुडा म्हणून तोंड फिरवितो. आता दुसरी भट्टी पाहू. स्कॉटलंडातील ब्रोरा येथील व्हिस्कीची भट्टी १९८३ साली बंद पडली व अडतीस वर्षांनी, २०२१ साली, पुन्हा पेटली. मोड आणलेल्या जवापासून गाळलेले हे मद्य निदान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरल्यावाचून त्यास व्हिस्की म्हणण्याची तेथील कायद्याने मनाई आहे. आपल्या गोव्यातही असे मद्य होते. उष्ण हवेमुळे तेथे पिंपातून ते पुष्कळ अधिक उडून जाते. चाखणारे घोट जिभेवर घोळवून त्यात धूर, मध, फळे ओळखितात, आणि त्यांस आपण रसिक म्हणतो.

तर मग दोष दारूत आहे, की दारिद्र्यात?

कारागिराचा धीर आम्ही तुच्छ मानीत नाही. वर्षानुवर्षे वाट पाहणे हा गुणच होय. परंतु मद्यार्क दोहोंतही एकच, आणि पिंपात मुरल्याने तो निरुपद्रवी होत नाही. श्रीमंताचे व्यसन भिंतीआड झाकते. मजुराचे रस्त्यावर दिसते, व त्याच्या लेकरांची भाकर त्याच दिवशी जाते. मजुराचे नुकसान अधिक, हे खरे. पण त्याचा अपराध अधिक, असे कोण म्हणेल?

उपदेशक बंधूंनो, झोपडीत जे बोलता, ते वाड्यातही बोलता काय? नसाल, तर आधी आपला तराजू तपासावा. मग दुसऱ्याचा पेला.