मोजलेला आकडा आणि ठरवलेला आकडा

पुण्यात घरांत पाणी शिरलं की आठवडाभराच्या आत एक मागणी हमखास पुढे येते: सगळ्या यंत्रणांची माहिती एका साच्यात आणा, एका पोर्टलवर टाका, म्हणजे पुढचा धोका आधीच कळेल. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घुसलं, तेव्हाही हेच झालं. जलसंपदा विभाग, महापालिका, हवामान विभाग आणि जिल्हा प्रशासन यांच्या नोंदी एकमेकींशी जुळायला हव्यात, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण साचा एक झाला की धोका कळला, ही समजूत उथळ आहे. आणि तिची किंमत नदीकाठी राहणाऱ्यांना मोजावी लागते.

पुण्याचे तीन पूर घ्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पाठोपाठ खडकवासला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेला आंबिल ओढा अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या वस्त्यांत घुसला आणि शहर-परिसरात वीसहून अधिक माणसं दगावली. तिसरा एकतानगरीचा. एका साच्याच्या कोष्टकात तिन्ही ओळींपुढे आपत्तीचा प्रकार ‘पूर’, ठिकाण ‘पुणे’. पहिला पूर धरणफुटीचा होता, त्यामुळे ‘इतक्या वर्षांतून एकदा’ असा पावसाळी पुराचा हिशोब मांडताना तो त्यात धरला तर हिशोबच बिघडतो. दुसऱ्याचा खडकवासल्याच्या विसर्गाशी काडीचा संबंध नव्हता. तिसऱ्यात धरणाचे दरवाजे कधी आणि किती उघडायचे, हे माणसांनी ठरवलं होतं.

यावर एकसाचावाद्यांचं उत्तर तयार असतं: वर्गीकरण बारीक करा. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-जोखीम कार्यालयाने आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेसोबत २०२० मध्ये ३०२ धोक्यांची यादी केली, ती वापरा. जरूर वापरावी, ते काम मोलाचं आहे. पण नावं बारीक केली तरी नावापुढच्या रकान्यात जो आकडा बसतो तो कुठून आला, हा प्रश्न तसाच राहतो.

२०२४ च्या त्या पहाटेचा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता: ३५ हजार क्युसेक. हा विसर्ग खडकवासला धरणापाशीचा, दरवाजांवरून काढलेला. धरणाच्या खाली मुक्त पाणलोटातले ओढे-नाले मुठेला मिळतात, त्यामुळे एकतानगरीसमोर नदीत किती पाणी होतं हा वेगळाच आकडा. तरी चर्चेत ३५ हजारांची तुलना थेट निळ्या पूररेषेशी झाली. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पुण्यात त्यासाठी अनुक्रमे ६० हजार आणि १ लाख क्युसेक धरलेले आहेत. ३५ हजार आणि ६० हजार दोन्ही क्युसेकच, म्हणून तुलना सोपी वाटते. एकक प्रमाणित करायचं म्हणून घनमीटरमध्ये लिहा, तर सेकंदाला ९९१ आणि १,६९९ असे दोन नीटस आकडे शेजारीशेजारी येतील. त्यातला पहिला एका पहाटे घडलेल्या गोष्टीची नोंद आहे. दुसरा जुन्या नोंदींवरून काढून आराखड्यासाठी मान्य केलेला आहे.

माझा सगळा आग्रह या फरकापाशी येऊन थांबतो: मोजलेला आकडा आणि ठरवलेला आकडा. ठरवलेला आकडा खोटा असतो असं मला मुळीच म्हणायचं नाही. तो नसेल तर बांधकाम कुठे थांबवायचं हे सांगता येणार नाही. मोजलेल्यातही हिशोब मिसळलेला असतो, हेही मान्य. दरवाजा किती उघडला यावरून विसर्ग काढणं हा हिशोबच आहे. पण मोजलेल्या आकड्याला तुम्ही विचारू शकता की कुठे, कधी, कशाने मोजला. ठरवलेल्याला विचारायचं ते वेगळं: कोणी ठरवला, कशासाठी, आणि आता बदलायची वेळ आली आहे का. पात्रात राडारोडा पडला, काठ भरून घेतले, पूल झाले, की तेवढंच पाणी जास्त चढतं. लोकांना रेषेचा रंग ठाऊक असतो. तिच्यासाठी पात्राचे छेद कोणत्या वर्षी घेतले, हे त्यांना कोणी सांगत नाही.

पावसाचंही तेच. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि चोवीस तासांचा पाऊस एका आकड्यात येतो. ऐंशी मिलिमीटर दिवसभरात पडले काय किंवा दोन तासांत पडले काय, आकडा तोच राहतो. आंबिल ओढ्याला मात्र त्या दोन तासांशीच मतलब. त्याच पावसाला महसूल खातं दुसरी मोजपट्टी लावतं: मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. ही ६५ ची रेघ मदतीसाठी ठरवलेली आहे, ती पुराचा उंबरठा नव्हे.

पंचनाम्याकडे पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. पंचनामा मदत देण्यासाठी लिहिला जातो, म्हणून निकषात बसणारं नुकसानच त्यात उतरतं. घर, भांडी, कपडे, जनावर यांची नोंद होते. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांच्या कागदांत जातात. अशा पंचनाम्यांची बेरीज ‘बाधित’ म्हणून आपत्ती-जोखीम कमी करण्याच्या सेंदाई आराखड्याच्या निर्देशकांत गेली की मदतीचे निकष नुकसानीचं माप म्हणून वाचले जातात. साचा जितका चोख, तितका हा घोटाळा दिसेनासा होतो.

याचा अर्थ आकडेच नकोत असा नाही. ‘स्थानिकांना सगळं ठाऊक असतं, आकडे कशाला’ म्हणणाऱ्यांनी बुजलेल्या ओढ्यावरच्या नव्या इमारतीत राहणाऱ्यांना एकदा विचारून पाहावं. ‘सगळे आकडे राजकीयच’ म्हणणाऱ्यांना तर पूररेषा कुठे आखावी हेच सांगता येत नाही.

आकडा कुठून आला हे विचारण्याची शिस्त पुण्याला बाहेरून शिकायची गरज नाही. १९१६ पासूनचं जलसंशोधन केंद्र खडकवासल्याला आहे, हवामान विभाग १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आला, पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. उपकरण, जागा आणि वेळ लिहिल्याशिवाय वाचन स्वीकारायचं नाही, हे तिथे रोजचं काम आहे. तोच नियम पोर्टलवरच्या प्रत्येक आकड्याला लावा. मग पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवरच्या १९६१ च्या पाण्याच्या खुणाही नोंदीत येतील. अशा खुणेला लेव्हल लावली की समुद्रसपाटीपासूनची उंची मिळते, म्हणजे अस्सल मोजलेला आकडा. वाडा पाडून इमारत उभी राहिली की तो गेला, आणि आजच्या एकाही छापील नमुन्यात त्याला रकाना नाही. म्हणून पुण्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात प्रत्येक आकड्यापुढे आधी हा एक रकाना हवा: मोजलेला की ठरवलेला. ठरवलेला असेल तर ठरवणाऱ्या कार्यालयाचं नाव आणि फेरतपासणीचं वर्ष तिथेच लिहिलेलं असावं. बाकी नमुना कोणता वापरायचा, ते त्यानंतर ठरवता येईल.